पेल एलला ड्राय हॉप कोणता? आधी पाकीट उघडून वास घ्या

तासगावचा बेदाणावाल्याचा मुलगा लीड्सला बसून घरी बिअर बनवतोय हे वाचून आधी हसू आलं आणि मग बरंही वाटलं. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २० लिटरची पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची बिअर आहे, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास. घरात तीन जातींचे हॉप्स आहेत, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीवरची फळं. सिट्राचं पाकीट गेल्या उन्हाळ्यापासून उघडं आहे, कॅस्केड आणि मोझॅइक बंद पाकिटात आहेत. ड्राय हॉपिंगला कोणता घ्यावा, हा प्रश्न. मागच्या वेळी तिन्ही मिळून १५० ग्रॅम टाकले, दहा दिवस ठेवले, काढून लगेच वायूसाठी साखर घालून बाटल्या भरल्या, तर बिअरला ओल्या गवताची चव आली, घशात खवखव झाली, आणि महिन्याभरानं बाटल्या उघडताना निम्मी बिअर फेस होऊन ओट्यावर. साखर जास्त झाली असावी, असं तुमचं म्हणणं. शेवटी जाता जाता विचारलंय, की बाबा म्हणतात हॉप्सची वेल तासगावात लावता येईल का.

मी मूळची मिरजेची. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकले, मग बारा वर्षं पुण्यात मायक्रोब्रुअरीत काढली, आता सांगलीत असते आणि लोकांना यीस्ट आणि पाण्याबद्दल सल्ले देते. इकडून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी स्वतःपुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. आपल्या राज्यात दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही. तेव्हा विश्रामबागेतल्या गच्चीवर कुणी ड्रम मांडू नये. हे उत्तर लीड्ससाठी आहे.

आता मुद्दा. तुम्ही विचारलंय ‘कोणता हॉप’, पण तुमची मागची बिअर हॉपच्या नावामुळे बिघडलेली नाही. ती बिघडली जुन्या मालामुळे, जास्त दिवसांमुळे आणि घाईनं बाटल्या भरल्यामुळे. नाव बदलून हे तिन्ही तसेच ठेवलेत तर पुढची बिअरही तशीच होईल. म्हणून मी आधी मालाबद्दल बोलते, मग जातीबद्दल.

ड्राय हॉपिंग म्हणजे नेमकं काय, ते आपल्या स्वयंपाकातून बघा. आमटीत आमसूल घालतो ते उकळत असताना, कारण आंबटपणा उकळून उतरावा लागतो. कोथिंबीर घालतो ती भांडं उतरवल्यावर, कारण उकळली की तिचा वास वाफेबरोबर जातो. हॉप हे एकच फळ दोन्ही कामं करतं. त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी धूळ असते, तिला लुप्युलिन म्हणतात. हातावर घेतली तर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांतून चालून आल्यासारखी बोटं पिवळी होतात. त्या धुळीत अल्फा आम्लं असतात, ती तासभर उकळल्यावर कडवटपणा देतात. त्याच धुळीत सुगंधी तेलंही असतात, मिर्सीन, लिनालूल, जेरॅनिऑल वगैरे. ती उकळीत टिकत नाहीत. म्हणून आंबवण संपत आली की थंड बिअरमध्ये न उकळता हॉप्स टाकायचे, दोनतीन दिवस मुरवायचे आणि काढायचे. युक्ती जुनी आहे. इंग्लंडहून हिंदुस्थानात पेल एल यायची, तेव्हा पिंपात वरून मूठभर हॉप्स टाकून झाकण ठोकत असत.

तेल म्हटलं की साठवण आली, आणि इथे तुम्हाला माझ्यापेक्षा तुमचे बाबा जास्त सांगतील. हिरवा बेदाणा कोल्ड स्टोरेजमधून काढून मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवला तर काय होतं? रंग लाल व्हायला लागतो आणि सौद्यात भाव पडतो. हॉप्सचं अगदी तसंच आहे, फक्त रंगाआधी वास जातो. ऊब आणि हवा हे दोन शत्रू. कॅस्केडसारखी जात २० अंशांवर सहा महिने राहिली तर तिचं अल्फा आम्ल जवळपास अर्धं उरतं, आणि तेलाची गत त्याहून बरी नसते. तुमचं सिट्राचं पाकीट गेल्या उन्हाळ्यापासून उघडं आहे. ते फ्रीजरमध्ये होतं की कपाटात, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे. चिमटा लावून फ्रीजरमध्ये असेल तर आशा आहे. कपाटात असेल तर नाही.

पण अंदाज कशाला? वास घ्या. पाकिटात हॉप्स दळून, दाबून केलेल्या गोळ्या असतात. दोन गोळ्या तळहातावर घ्या, दुसऱ्या हातानं जोरात चोळा, हात गरम झाला की नाकाशी धरा. ताज्या सिट्राला पिकल्या आंब्याचा, लिचीचा, लिंबाच्या सालीचा वास येतो. जुन्या हॉपला आधी काहीच वास येत नाही, मग वाळक्या चाऱ्याचा, आणि पुढे शिळ्या चीजचा किंवा दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्यांचा. तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास, आम्लं सडताना तयार होतो. मोज्याचा वास आला तर ते पाकीट कचऱ्यात टाका, उकळीतही वापरू नका. नुसता फिका वास असेल तर उकळीत कडवटपणासाठी चालेल, ड्राय हॉपला नाही. आम्ही पुण्यात खोकी आली की पहिलं काम हेच करायचो. एकदा मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पाच दिवस भाजलेलं खोकं आलं होतं. पाकिटावर नाव उत्तम, वर्ष चालू, आतल्या गोळ्या तपकिरी. मालक म्हणाले, ‘पैसे दिलेत, टाकून बघू.’ टाकलं. ती टाकी विकायला आम्हाला दीड महिना लागला.

पाकिटावर पिकाचं वर्ष छापलेलं असतं, तेही बघत चला. अमेरिका, जर्मनी, इंग्लंडचा हॉप ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर काढतात, म्हणजे आपल्या गणपतीच्या आगेमागे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचा निघतो मार्चच्या सुमाराला, तुमच्या शेडवर बेदाणा सुकत असतो तेव्हा. त्यामुळे जूनमध्ये खरेदी करत असाल तर दक्षिणेकडचा माल ताजा आणि उत्तरेकडचा नऊ महिन्यांचा. चांगला साठवला असेल तर नऊ महिन्यांचाही उत्तम असतो, पण माहीत असावं.

आता जातीकडे येते. तुमच्याकडच्या तिघांत कॅस्केड सगळ्यात जुना, १९७२ मध्ये अमेरिकेत लागवडीला आला. पपनसाची साल, थोडी फुलं, थोडी मिरी. अमेरिकन पेल एल ही चवच मुळी त्याच्यावर उभी राहिली. सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीची पेल एल १९८० पासून कॅस्केडच्या वासासाठी ओळखली जाते आणि तुमच्या तिथल्या सुपरमार्केटमध्ये सहज मिळेल. एक बाटली आणा, ग्लासात ओता, पंधरा मिनिटं नुसती हुंगा. सिट्रा गोड फळांकडे जातो आणि बोलका आहे, दुसऱ्याला बोलू देत नाही. मोझॅइक २०१२ चा. त्यात जांभळट बेरी, आंबा, पाइनची डिंकासारखी बाजू असं बरंच काही सापडतं. पण मोझॅइकची एक खोड आहे. वेलीवर उशिरापर्यंत राहिलेल्या मालाला कांदालसणाची झाक येते. आमच्याकडे एकदा तसा लॉट आला आणि मी हुंगण्यात आळस केला. एका नेहमीच्या गिऱ्हाइकानं ग्लास परत पाठवला आणि वेटरला विचारलं, ‘हा गार्लिक ब्रेडच्या ताटासोबत धुतला का?’ तेव्हापासून मी प्रत्येक लॉट हुंगते, पुरवठादार कितीही जुना असो.

तर माझा कौल असा. या खेपेला कॅस्केड ५० ग्रॅम आणि मोझॅइक २० ग्रॅम, मोझॅइकला लसूण येत नसेल तर. येत असेल तर नुसता कॅस्केड ७०. सिट्रा चोळल्यावर वासाला खणखणीत निघाला तरच मोझॅइकच्या जागी तो. तिन्ही एकत्र नकोत. पेल एलचं अंग हलकं असतं, तिच्या माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याला, बिस्किटाची, मधाची अशी एक मंद चव असते. तीन मोठे हॉप्स एकदम टाकले की वरात होते, आणि कुठल्या हॉपनं काय दिलं हे तुम्हालाही कळत नाही, म्हणजे पुढच्या वेळेला शिकायला काही उरत नाही. मी नव्या मुलांना पहिल्या दोन खेपा एकाच हॉपच्या करायला लावायचे. कंटाळायची, पण नाक तयार व्हायचं.

हे सगळ्यांना लागू होईल असं मात्र नाही. तुमचं माल्ट जास्त क्रिस्टलचं, कॅरॅमलकडे झुकणारं असेल तर सिट्राचा आंबा त्यावर पाकातल्या मुरंब्यासारखा बसतो, मला तो आवडत नाही. तिथे कॅस्केडच बरा. यीस्ट इंग्लिश असेल, फळांचा वास स्वतःच देणारं, तर हॉप कमी लागतो. आणि तुम्हाला इंग्लिश चवच हवी असेल तर या तिघांना सुट्टी देऊन ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणा. मातकट, मधासारखा, सौम्य. लीड्समध्ये राहून ते एकदा केलंच पाहिजे.

२० लिटर पणाला लावण्याआधी एक स्वस्त चाचणी करता येते. ३३० मिलिलिटरच्या साध्या, फिक्या लागर बिअरच्या बाटल्या आणा, जितके हॉप्स तितक्या. झाकण काढा, थोडी बिअर पिऊन टाका, प्रत्येकीत एका जातीच्या एक ग्रॅम गोळ्या टाका आणि पुन्हा झाकण बसवा. लिटरला साधारण तीन ग्रॅम होतात. गोळ्या एकेक करून, अगदी सावकाश आणि सिंकवर धरून. का ते पुढे सांगते. दोन दिवस खोलीत, एक दिवस फ्रीजमध्ये, मग ओतून शेजारी शेजारी हुंगा. माझ्या दहा परिच्छेदांपेक्षा या तीन बाटल्या जास्त सांगतील.

प्रमाणाबद्दल. पेल एलला लिटरला तीन ते चार ग्रॅम मला पुरतात, म्हणून २० लिटरला ७० लिहिले. तुमचे १५० म्हणजे लिटरला साडेसात. ओरेगॉन स्टेट विद्यापीठात कॅस्केडवर झालेल्या कामातून दिसलं, की लिटरला आठ ग्रॅमच्या पुढे सुगंध त्या मानानं वाढत नाही, आणि वास चहाच्या पानांकडे, पाल्याकडे सरकतो. तुम्ही त्या उंबरठ्यापाशी होता, आणि दिवस दहा. तेलाचा बहुतेक भाग पहिल्या दोन दिवसांत उतरतो. त्यानंतर पाल्यातून जे उतरतं ते पॉलिफिनॉल, म्हणजे चहाची पूड पातेल्यात विसरल्यावर जीभ ओढली जाते ना, ते. तुमच्या घशातली खवखव बहुधा तीच. १६ ते १८ अंशांवर तीन दिवस, मग बाहेर. तळाशी बसू द्यायचे असतील तर बिअर थंड करा आणि वरून निथळून घ्या. जाळीच्या पिशवीत टाकत असाल तर पिशवी मोठी घ्या, गोळ्या फुगून कितीतरी पट होतात. घट्ट पिशवीत मधल्या गोळ्या कोरड्याच राहतात. पिशवी आणि तिच्यातलं वजन निर्जंतुक करा. हॉप्स करू नका, त्यांच्यात स्वतःतच जंतू रोखायचा गुण आहे आणि खाली पाच टक्के अल्कोहोल आहे.

कधी टाकायचे यावर मतं दोन आहेत. मी असं करते: आंबवण जवळजवळ संपलेली, ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, तिच्यावरून साखर किती उरली ते कळतं) शेवटच्या आकड्याच्या दोनतीन पॉइंट वर असताना. झाकण उघडलं की हवा जाते, गोळ्यांबरोबरही जाते. यीस्ट जरा जागं असेल तर तो ऑक्सिजन खाऊन टाकतं. पूर्ण झोपल्यावर टाकलेत तर तो ऑक्सिजन हॉपच्या तेलाला लागतो, आणि महिन्याभरात बिअर काळवंडते, पुठ्ठ्यासारखी लागते. हरिपूरची पेवं आठवा. हळद जमिनीखाली भरून तोंड चिखलानं लिंपून टाकत, आत हवा नाही म्हणून ती वर्षानुवर्षं टिके, आणि पेव उघडलं की आधी हवा खेळू दिल्याशिवाय कुणी आत उतरत नसे. तुमच्या ड्रममध्ये बिअरवर कार्बन डायऑक्साइडचा तसाच थर आहे. झाकण उघडून आत वाकून बघायचा मोह आवरा. टाका, लावा, विसरा. उलट बाजूनं खरं हे, की यीस्ट फार जोरात असताना टाकलेत तर सुटणारा वायू तुमचा सुगंध घेऊन जाईल आणि खोलीत घमघमाट, ग्लासात काही नाही.

आता त्या फेसाळलेल्या बाटल्या. तुम्ही साखर जास्त झाली असं धरलंय. शक्य आहे, पण मला दुसराच संशय आहे. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात. यीस्टला न पचलेल्या लांब साखळीच्या साखरा बिअरमध्ये उरलेल्या असतात, त्या ही एन्झाइम्स तोडतात, आणि झोपलेलं यीस्ट उठून पुन्हा जेवायला बसतं. ब्रुअर लोक याला ‘हॉप क्रीप’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस या दोघांनी १८९३ मध्येच हे लिहून ठेवलंय, मधे सगळे विसरले होते. तुम्ही हॉप्स काढून लगेच बाटल्या भरल्यात, वर साखर घातलीत. आत दोन जेवणं झाली. काच फुटली नाही हे नशीब, अशा बाटल्या खरंच फुटतात आणि डोळे जातात. म्हणून हॉप्स काढल्यावर ग्रॅव्हिटी मोजा, दोन दिवसांनी पुन्हा मोजा, मग पुन्हा. तीन आकडे सारखे आले की बाटल्या भरा. चाखताना लोणी किंवा बटरस्कॉचसारखं लागलं तर तो डायअसिटिल. यीस्टला उबेत आणखी काही दिवस द्या, ते तो परत खातं.

गोळ्या सावकाश टाका म्हटलं त्याचं कारण सांगायचं राहिलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पाचशे लिटरच्या टाकीवर शिडी लावून वरच्या झाकणातून दीड किलो गोळ्या एकदम ओतल्या. बिअरमध्ये वायू मुरलेला होता. प्रत्येक गोळीच्या खडबडीत अंगावर बुडबुडे धरले आणि दोन सेकंदांत हिरवा फवारा छतापर्यंत गेला. मी शिडीवरून उतरले ती थेट न्हाणीघरात. छतावरचा तो डाग मी नोकरी सोडेपर्यंत होता, नवीन पोरांना दाखवायला बरा पडायचा. तुमचा ड्रम छोटा आहे, पण ओटा तुमचाच आहे.

पुढच्या खेपेसाठी एक सुचवते, द्राक्षवाल्यांच्या घरचे म्हणून. न्यूझीलंडचा नेल्सन सॉव्हिन घेऊन बघा. सॉव्हिन्यॉन ब्लाँ या द्राक्षावरून नाव पडलंय, आणि खरोखरच कच्च्या हिरव्या द्राक्षाचा, गूजबेरीचा वास येतो. महाग आहे, लिटरला दोन ग्रॅमपासून सुरू करा.

आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. तासगावात वेल जगेल, फळ धरणं अवघड. हॉपला फुलोऱ्याआधी उन्हाळ्याचे लांबच लांब दिवस लागतात आणि हिवाळ्यात थंडीची झोप मानवते. म्हणून जगातली बहुतेक लागवड ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात आहे. आपण १७ वर, आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जरासा पुढे जातो. भारतात हॉप पिकवला गेला तो हिमाचलच्या लाहौलसारख्या थंड भागात. पण बाबांना हेही सांगा, की या पिकाचं नशीब द्राक्षासारखंच आहे. तास-ए-गणेश जशी थॉम्पसनच्या वेलीवर आपोआप निघालेल्या वेगळ्या फांदीतून तुमच्या तालुक्यात सापडली, तसा अमेरिकेत अमारिलो नावाचा हॉप एका शेतकऱ्याच्या रानात आपसूक उगवलेला सापडला, कुणी तो मुद्दाम तयार केला नव्हता.

लीड्समध्ये मात्र जूनचा दिवस सतरा तासांचा. परसात उन्हाची भिंत असेल तर वसंतात कॅस्केडचं मादी रोप लावा, नराला फळ येत नाही. दोर जितका उंच बांधता येईल तितका बांधा, शेतात वेल अठरा फूट चढते. पहिल्या वर्षी फार काही मिळणार नाही. सप्टेंबरात फळं कागदासारखी कुरकुरीत लागली आणि चोळल्यावर बोटं पिवळी, चिकट झाली की काढायची. नेमक्या दिवसाबद्दल शंका आली तर बाबांना व्हिडिओ कॉल लावा, घड कधी उतरवायचा हे त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.